संगणकाच्या घरचा कुलाचार

घरातली सर्वांत आधुनिक वस्तू कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण संगणकाकडे नाहीतर हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवतील. बोट चुकलं. तो मान खरं तर मिक्सरचा. मिक्सरला पूर्वजांचं काही सोयरसुतक नाही. आपण पाट्या-वरवंट्याच्या कुळातले, याची आठवण ठेवून तो दर अमावास्येला दोन मिनिटं आडवा पडून खरखर करत नाही. संगणक करतो. चालू होताना खापरपणजोबांच्या चालीनं उठायचं, लिहिलेलं जपून ठेवताना आजोबांच्या तसबिरीला बोट लावायचं, अमुक नाव तोंडातून काढायचं नाही, तमुक खोली रिकामीच ठेवायची, असा त्याचा सगळा आचार. वरून बघावं तर काच आणि ॲल्युमिनियम. आत सोवळं नेसून बसलेले शास्त्रीबुवा. विज्ञानयुगाचं प्रतीक म्हणून आपण ज्याला दिवाणखान्यात मिरवतो तो घरातला सर्वांत कर्मठ सभासद आहे, आणि माझं म्हणणं असं की हे कर्मठपण हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. त्याला हसायला अजिबात हरकत नाही. मीही हसणार आहे. पण हसून झालं की वाकून नमस्कार करायची तयारी ठेवा.

तसबिरीपासूनच सुरुवात करू. ‘सेव्ह’ करायचं म्हणून आपण ज्या चौकोनी चित्रावर बोट ठेवतो ती साडेतीन इंची फ्लॉपी. सोनीनं ती १९८१ च्या सुमारास आणली, तिच्यात पुढे १.४४ मेगाबाइट मावू लागले, आणि २०११ मध्ये सोनीनंच तिची विक्री थांबवली. आजच्या मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. ती कधी हातात न धरलेली मुलं आज कॉलेजात आहेत, आणि तीही निमूटपणे त्या तसबिरीला बोट लावतात. आता खोल्या बघा. विंडोजच्या संगणकात सगळा संसार ‘सी’ नावाच्या खोलीत चालतो. ए आणि बी कुठे गेल्या, असं सहसा कुणी विचारत नाही, कारण वाड्यात काही दारं कायम बंद असतात याची आपल्याला सवय असते. १९८१ च्या आयबीएम पीसीत ए आणि बी ही दोन फ्लॉप्यांची दालनं होती. हार्ड डिस्क १९८३ च्या सुमारास नांदायला आली, तिला तिसरी खोली मिळाली. पुढे दोन्ही आजोबा गेले. त्यांच्या खोल्यांत मात्र बिऱ्हाड भरावं असं कुणाच्या सहसा मनातही येत नाही.

नाव न घेण्याची प्रथा याहून कडक. विंडोजमध्ये एक नवा फोल्डर करा आणि त्याला ‘कॉन’ असं इंग्रजी तीन अक्षरी नाव द्यायला जा. संगणक ठाम नकार देईल. पीआरएन, एयूएक्स, एनयूएल ही नावंही चालत नाहीत. कारण सरळ आहे. विंडोजचा पूर्वज असलेल्या १९८१ च्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. सगळ्या फायली एकाच सतरंजीवर बसत, आणि त्याच पंगतीत कळफलक-पडदा, छपाईयंत्र वगैरे उपकरणंही फायलींसारखी नावं घेऊन बसलेली असत. ‘कॉन’ म्हणजे कन्सोल. १९८३ मध्ये फोल्डर आले, पण तोवर बाहेरचे प्रोग्राम ही नावं कुठूनही हाक मारून वापरायला शिकले होते. म्हणून प्रत्येक फोल्डरात ती राखीव ठरली आणि आजतागायत राखीव आहेत. आपल्याकडे बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही चाल होती तेव्हासुद्धा उखाण्याची पळवाट ठेवलेली होती. विंडोजमध्ये सर्वसामान्य माणसाला उखाण्याचीही सोय नाही.

पण कुलाचाराचा खरा वैभवशाली नमुना पाहायचा तर एक्सेलमध्ये. एक्सेलला विचारा, १९०० सालच्या फेब्रुवारीत किती दिवस होते? तो सांगेल, एकोणतीस. पोप ग्रेगरीच्या दुरुस्तीनंतर शतकाचं वर्ष चारशेनं भाग गेला तरच लीप धरतात, म्हणजे २००० लीप, १९०० नाही. २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस पृथ्वीवर उगवलाच नाही. आपल्या पंचांगात तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. पण जो सूर्योदय झालाच नाही त्याला पंचांगात जागा देण्याचं धाडस आजवर एकाही दाते-पंचांगकर्त्याला झालेलं नाही. एक्सेलनं ते कुणासाठी केलं? लोटस १-२-३ साठी. हा १९८३ चा हिशेबाचा प्रोग्राम त्या काळचा कर्ता पुरुष; त्याच्या तारखांच्या गणितात दर चौथं वर्ष लीप हा शाळेतला सोपा नियम होता आणि १९०० ची अडचण तशीच राहिली होती. एक्सेल आला तेव्हा लोटसमध्ये केलेले लोकांचे हिशेब त्याच तारखांनिशी उघडले पाहिजेत म्हणून ती चूक जाणूनबुजून, समजून-उमजून स्वीकारली गेली. लोटसची देखभाल २०१४ मध्ये अधिकृतपणे बंद झाली. सासरे गेले, पण त्यांच्या नावानं काढलेलं पान अजून वाढलं जातंय. आणि ही चूक आज सुधारायची म्हटलं तर? जगातल्या एक्सेलच्या वह्यांमधल्या जवळजवळ सगळ्या तारखा एकेका दिवसानं सरकतील: कर्जाचे हप्ते, निवृत्तीचे दिवस, औषधांच्या मुदती. न सुधारली तर १९०० च्या पहिल्या दोन महिन्यांचे वार एका घरानं चुकतात. त्या दोन महिन्यांत काही महत्त्वाचं व्हायचं असलेला आज कुणीही हयात नाही. सांगा, कोणता पुरोहित ‘सुधारा’ म्हणेल?

याच घरातली दुसरी रीत जरा जाचक आहे. तारखेसारखं काही दिसलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. माणसाच्या जनुकांपैकी एकाचं इंग्रजी लघुनाव ‘मार्च-वन’ होतं, दुसऱ्याचं ‘सेप्ट-वन’. संशोधक ती नावं रकान्यात लिहीत आणि पाठ वळताच एक्सेल त्यांची १ मार्च आणि १ सप्टेंबर करून ठेवी. २०१६ मध्ये काही संशोधकांनी तपासणी केली तेव्हा एक्सेलच्या फायलींत जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे घोटाळे सापडले. मग २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं निकाल दिला आणि सत्तावीस जनुकांची नावं बदलली गेल्याचं जाहीर झालं. मार्च-वनचं मार्चएफ-वन झालं, सेप्ट-वनचं सेप्टिन-वन. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीतून आलेली ही मंडळी. पण एक्सेलच्या घरात नांदायचं तर माप ओलांडायच्या आधी नाव बदलावं लागलं, तबकातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं. तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, सासरच्यांनी ‘आपोआप तारीख करू नये’ असं सांगण्याची सोय दिली. तोवर माहेरचं नाव गेलेलं होतं.

इथे सुधारक मंडळी अस्वस्थ होऊन उठतात, आणि त्यांचं म्हणणं ऐकायला हवं. ते श्राद्धातल्या मांजराची गोष्ट सांगतात. एका घरी श्राद्धाच्या दिवशी मांजर दुधात तोंड घालायचं म्हणून ते टोपलीखाली झाकून ठेवत. पुढच्या पिढीत मांजर मेलं, तेव्हा मुलानं श्राद्धासाठी कुठून तरी मांजर पकडून आणलं आणि टोपलीखाली झाकलं. तुमचा संगणक म्हणजे हीच टोपली, असं ते म्हणतात. गोष्ट झकास आहे, पण तिच्यात एक गृहीत धरलेलं आहे: मांजर मेलं. संगणकाच्या जगात मांजर बहुधा जिवंत असतं, फक्त आपल्या आळीत दिसत नाही. फ्लॉपी मेली म्हणता? बोइंग ७४७-४०० या विमानांतल्या दिशादर्शनाची माहिती अगदी अलीकडेपर्यंत दर २८ दिवसांनी साडेतीन इंची फ्लॉपीवरून भरली जात होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगर-रेल्वेचं नियंत्रण १९९८ पासून सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर चाललं. अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या यंत्रणेतली आठ इंची फ्लॉपी २०१९ मध्ये निवृत्त झाली, आणि जपानसारख्या देशात सरकारी कागद फ्लॉपीवर द्यावेत असं सांगणारे हजारावर नियम २०२४ मध्ये रद्द करावे लागले. तेव्हा टोपली उचलण्यापूर्वी खाली बघायला हवं. निव्वळ भाकड टोपल्याही आहेत, हे मान्य. कळफलकावरचं ‘स्क्रोल लॉक’ हे बटण त्यातलंच. एक्सेलमध्ये ते चुकून दाबलं गेलं की बाणांच्या कळांनी चौकट हलायची थांबते, सगळा तक्ताच सरकू लागतो आणि कचेरीत ‘संगणक बिघडला’ अशी हाकाटी होते. एवढं सोडलं तर त्यानं काही काम केल्याचं फारसं कुणी पाहिलेलं नाही. पण तेही घरातल्या एखाद्या काकांसारखं कोपऱ्यात बसलेलं असतं. जेवायला मागत नाही, तर उठवा कशाला?

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. जुनं जपण्याच्या नादात जुन्या खिडक्याही उघड्या राहतात आणि चोर नेमके तिथूनच येतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामनं जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनमधली इस्पितळंसुद्धा ठप्प झाली. तो ज्या वाटेनं शिरला ती फायली वाटून घेण्याची जुनी पद्धत १९८० च्या दशकातली होती. बहुतेकांना तिची गरज उरली नव्हती, पण कुणाला तरी असेल म्हणून ती चालू होती. यावर माझ्याकडे चलाख उत्तर नाही. आजोबांची खोली जपायची तर तिच्या खिडकीला गजही बसवायला हवेत, आणि ते काम घरातल्या मंडळींनी पुष्कळदा टाळलं. कुलाचाराची ही किंमत खरी आहे आणि ती वाजवून घेतली जाते.

तिसरा आक्षेप तरुण अभियंत्यांचा: वाडा पाडा, टॉवर बांधा. सगळं नव्यानं, स्वच्छ. यावर नेहमी ॲपलचं उदाहरण दिलं जातं. ॲपलनं १९९८ च्या आयमॅकमधून फ्लॉपी काढली, २०१९ मध्ये जुन्या ३२ बिटी प्रोग्रामांना दार बंद केलं, निर्दयपणे. उदाहरण बरोबर आहे, पण अर्धंच. ॲपलनं १९९४, २००६ आणि २०२० अशी तीनदा आपल्या संगणकांची प्रोसेसरांची जातच बदलली, आणि तिन्ही वेळा जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर चालावेत म्हणून सोबत दुभाषा दिला. पुनर्विकासात जुन्या भाडेकरूंना काही वर्षांचं भाडं देऊन दुसरीकडे ठेवतात, तसं. म्हणजे वाडा पाडणाऱ्यालाही म्हाताऱ्यांची सोय करावीच लागते. इंटेलकडे बघा. त्यांच्या घराण्यातला अब्जावधी ट्रान्झिस्टरांचा प्रोसेसर चालू होतो तेव्हा पहिले काही क्षण तो १९७८ च्या ८०८६ सारखा, सोळा बिटांच्या हिशेबानं वागतो. मग बत्तीस बिट, मग चौसष्ट, असं एकेका पिढीचं ऋण फेडत आजच्या दिवसात येतो. हा विधी बंद करण्याचा प्रस्ताव इंटेलनंच २०२३ मध्ये मांडला आणि २०२४ संपता संपता गुंडाळून ठेवला. संध्या चुकवायचा विचार केला, पण धीर झाला नाही.

संगणक घडवणाऱ्या या मंडळींच्या शिष्टाचाराची हद्द कुठवर जाते याचा एक किस्सा सॉफ्टवेअरवर लिहिणारे जोएल स्पोल्स्की यांनी लिहून ठेवला आहे. ‘सिमसिटी’ या खेळात एक चूक होती: वापरून परत केलेली मेमरी तो खेळ पुन्हा वाचायचा. विंडोजच्या आधीच्या आवृत्तीत ते खपून जायचं, कारण परत केलेली जागा तिथे लगेच दुसऱ्या कुणाला दिली जात नसे. विंडोज ९५ मध्ये ते खपलं नसतं, खेळ कोसळला असता. मग विंडोज ९५ मध्ये खास व्यवस्था झाली: सिमसिटी चालू आहे असं दिसलं की परत केलेली जागा लगेच उचलायची नाही. जेवून उठलेल्या पाहुण्याचं पान लगेच न काढता, ते चुकून पुन्हा येऊन बसतील म्हणून थोडा वेळ तसंच ठेवायचं! चूक पाहुण्याची, ओशाळवाणेपण यजमानाचं. असं आतिथ्य आता पंगतीतही दिसत नाही. यामागे निव्वळ प्रेम नव्हतं, धंदा होता, हे उघड आहे. खेळ कोसळला तर गिऱ्हाईक खेळाला नाही, विंडोजला शिव्या देतं. पण कुलधर्म तरी शेवटी कशासाठी पाळतात? लोक काय म्हणतील म्हणूनच.

कुलाचार पाळला नाही तर काय होतं हे पाहायला मराठी माणसानं सॅन फ्रान्सिस्कोला जाण्याची गरज नाही. संगणकावर मराठी आली तेव्हा पुस्तकं आणि दिवाळी अंक ज्या श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सुरेख अशा फाँटांत जुळवले गेले, त्यांची युक्ती मोठी मजेदार होती. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे: इकडे अर्धा श, तिकडे काना, पलीकडे रफार. पडद्यावर सुरेख मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ते नुसतं वेडंवाकडं इंग्रजी असे. बरं, कुठल्या घरात कोणता तुकडा, हे प्रत्येकाचं वेगळं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण तेव्हा होतं, १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून प्रसिद्धही झालं. पण छपाईच्या दुकानात ते पाहतो कोण? परिणाम असा की फाँट गेला की मजकूर गेला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल उघडावी तर पडद्यावर डॉलर, टक्का, स्वल्पविराम आणि कंसांची जत्रा. प्रत्येक फाँटासाठी वेगळा उतारा शोधावा लागतो, आणि उताऱ्यानंतरही ह्रस्व वेलांटी पुष्कळदा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, कारण त्या फाँटांत ती जशी दिसते तशी, अक्षराच्या आधी, लिहिलेली असते, तर युनिकोड या आजच्या प्रमाणात अक्षर आधी आणि वेलांटी मागून. अमेरिकन माणूस १९८५ चा इंग्रजी मजकूर आज जसाच्या तसा वाचतो. आपल्याला मोडी शिकावी तसा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला आपलाच अंक सोडवून घ्यावा लागतो. जुनं मोडून नवं बांधण्याचं स्वातंत्र्य आपण इतकं उपभोगलं की प्रत्येक दुकानात वेगळी मराठी झाली.

मग आलं युनिकोड, आणि तिथे कर्मठपणाचा कळस आहे. देवनागरीची मूळ मांडणी युनिकोडनं इस्कीवरूनच घेतली, आणि १९९६ पासून नियम असा की एकदा दिलेलं घर काढून घ्यायचं नाही, दिलेलं नाव बदलायचं नाही. चुकलं असलं तरी. एका कंसाच्या अधिकृत नावात ‘ब्रॅकेट’ या इंग्रजी शब्दातले सी आणि के उलटसुलट पडले. चूक सर्वांना ठाऊक आहे, दुरुस्ती कधीही होणार नाही. फार तर शेजारी शुद्ध रूप टोपणनाव म्हणून लिहून ठेवलंय. हे हास्यास्पद वाटत असेल तर आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्याकडे बघा. महाराष्ट्रात कितीतरी माणसांचा जन्म १ जूनला झालेला आहे, कारण नाव घालताना हेडमास्तरांना तीच तारीख सोयीची पडली. आई सांगते श्रावणातला, दाखला सांगतो जूनचा. पण नोकरी, पेन्शन, पासपोर्ट सगळं त्या १ जूनवर उभं आहे, आणि ते बदलण्यापेक्षा श्रावणातला वाढदिवस विसरणं सोपं असतं.

संगणकांच्याही हेडमास्तरांनी एक १ जून लिहून ठेवला आहे. बेल प्रयोगशाळेत युनिक्स घडवणाऱ्यांनी काळ मोजायला एक सोयीचा दिवस निवडला: १ जानेवारी १९७०. तिथपासून किती सेकंद झाले, एवढंच त्या कुळातली यंत्रं मोजत आली. मोबाइलमध्ये एखाद्या फोटोवर अचानक १९७० साल दिसतं ते त्यामुळे. हा आकडा ३२ बिटांत ठेवायचा तर त्याला शेवट आहे. मंगळवार, १९ जानेवारी २०३८, भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. नव्या यंत्रांत आकडा ६४ बिटांचा केलेला आहे आणि तो सुमारे २९,२०० कोटी वर्षं पुरेल. सूर्य त्याआधी कैकदा संपला असेल. प्रश्न उरतो तो भिंतीत, मीटरात, लिफ्टच्या डब्यात बसवून विसरलेल्या जुन्या यंत्रांचा. त्यांच्यातलं एखादं त्या मंगळवारी आठव्या सेकंदाला आकडा उलटून एकदम मागे जाईल आणि १४ डिसेंबर १९०१ च्या रात्री सव्वादोनला डोळे चोळत उभं राहील. एक्सेलची ती कधीच न उगवलेली २९ फेब्रुवारी तिथून जेमतेम पावणेदोन वर्षं मागे आहे. इतकं जवळ येऊन भेट तेवढी राहून जाईल.